घर रिकामं करून घेतलं, आता भाडेकरूचं काय?

घरमालक आणि भाडेकरू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कर्वे रस्त्यावरचं आमचं भाड्याच्या घरांच्या एजन्सीचं दुकान आता धाकटी जाऊ सांभाळते. मी पत्रं वाचते आणि तिला नको तिथे सल्ले देते. एरवी या सदरात 'भाडेकरू कसा बाहेर काढायचा' हाच प्रश्न चार वेगवेगळ्या अक्षरांत येतो. या वेळी तीन पत्रं पुढच्या दिवसांबद्दलची आली, म्हणून तिन्ही घेतली. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात बरंच काही दडलेलं आहे.

प्रश्न : ताई, कर्वेनगरला आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. एका कुटुंबाला लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता, दर अकरा महिन्यांनी नवा करार करत आलो. गृहस्थ लक्ष्मी रोडला कापडाच्या दुकानात आहेत, बाई घरून पोळीभाजीचे डबे देतात. मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीत, शिवाय म्हातारी आई. भाडं चौदा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. माझी मुलगी नातवाला घेऊन कायमची पुण्यात आली आहे, तिच्यासाठी घर हवं म्हणून गेल्या वर्षी करार वाढवला नाही. 'बघतो, बघतो' म्हणत त्यांनी वर्ष काढलं. पैसे मात्र दरमहा दिले. शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा ताब्याच्या अर्जांवर आदेश देणारा सरकारी अधिकारी) अर्ज केला. ताबा द्यावा आणि मुदत संपल्यापासून दुप्पट रक्कम द्यावी, असा आदेश झाला आहे. आता ते म्हणतात, घर मिळत नाही. ते खोटं बोलत नाहीत. दोन ठिकाणी आडनाव ऐकून नकार आला, एकदा मी समोर होतो. मदत करावीशी वाटते. पण आमचे वकील म्हणतात, मऊ पडलात तर अजून वर्षभर हलणार नाहीत. काय करू?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : वकिलांची भीती अगदीच खोटी नाही. पण मऊ पडल्याने घर अडकत नाही, तोंडी बोलल्याने अडकतं. 'असू द्या, दिवाळीपर्यंत राहा' हे जिन्यात उभं राहून म्हणालात की त्याचा अर्थ दोन घरांत दोन निघतो. तेच कागदावर लिहून, दोघांनी सह्या करून ठेवलंत तर तुमच्या आदेशाला धक्का लागत नाही. मसुदा वकिलांकडूनच करून घ्या. तोवर ते जे पैसे देतील त्याची पावती 'भाडे' म्हणून फाडू नका. 'आदेशानंतरच्या वापराची भरपाई, हक्क राखून' असं लिहा.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ मध्ये ही दुप्पट रकमेची तरतूद आहे. चौदा हजार ते देतच होते, म्हणजे वर्षाचे जादाचे एक लाख अडुसष्ट हजार त्यांच्या डोक्यावर आहेत. कापडाच्या दुकानातल्या माणसाकडून ते वसूल होणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही बँकेत होतात. म्हणून ही रक्कम वसूल करायची गोष्ट नाही, सोडायची गोष्ट आहे. आणि सोडताना तिच्या बदल्यात तारीख मागायची. 'अमुक तारखेला चावी दिलीत तर जादाची सगळी रक्कम सोडली, नाही दिलीत तर सगळी लागू.' त्या माणसाची झोप उडवणारी रक्कम एका सहीत जाते आणि तुम्हाला तारीख मिळते. फुकट सोडून दिलीत तर तुमच्याकडे बोलायला काहीच उरणार नाही.

आता खरी अडचण. तुम्ही लिहिता, घर मिळत नाही. माझ्या अनुभवाने यातलं अर्धं 'घर मिळत नाही' हे 'पैसे एका वेळी हातात नाहीत' असं असतं आणि माणसं ते मालकाला सांगत नाहीत. हिशोब मांडते. वारज्याला किंवा तुमच्याच भागात आत कुठे पंधरा हजाराचं घर मिळालं असं धरा. डिपॉझिट साठ हजार, पहिल्या महिन्याचं भाडं पंधरा, एजंटाचं एक महिन्याचं कमिशन पंधरा. टेम्पो, चढवणारी-उतरवणारी माणसं, कपाट खोलणं-जोडणं, सात हजार. कराराचा स्टॅम्प, नोंदणी आणि करून देणाऱ्याचे धरून दोन हजार. लाखाला एक हजार कमी. आणि त्यांचे स्वतःचे पन्नास हजार कुठे आहेत? तुमच्याकडे. ते मिळणार कधी? घर रिकामं करून चावी दिल्यावर. घर रिकामं कधी होणार? दुसरीकडे डिपॉझिट भरल्यावर. आमच्या धंद्यात ही गाठ रोज दिसते. ती सोडवणं भाडेकरूच्या हातात नसतं, कारण दोरीचं टोक मालकाच्या खिशात असतं.

तर पहिली मदत ही करा : नव्या घराचा करार ज्या दिवशी नोंदवायचा त्या दिवशी डिपॉझिटमधले पंचवीस-तीस हजार त्यांच्या खात्यावर पाठवा. रोख नको. हवं तर थेट नव्या मालकाच्या खात्यावर पाठवा, वरच्या कागदात तसं लिहून. उरलेले चावी हातात आल्यावर, त्याच दिवशी, त्याच खोलीत. 'पुढच्या आठवड्यात देतो' नको. टेम्पोवाला खाली उभा असतो. थोडी जोखीम आहे, कबूल. पण ताब्याचा आदेश तुमच्या हातात आहे, आणि सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत सक्तीने ताबा घ्यायचा तर त्याला किती महिने लागतील हे वकिलांनाच विचारा. त्यापुढे पंचवीस हजारांची जोखीम मला तरी जास्त वाटत नाही.

वेळेचं सांगते. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पितृपक्ष चालू असेल. पुण्यात पितृपक्षात सहसा कोणी नवं घर घेत नाही, भाड्याचंसुद्धा नाही. जून-जुलैत कॉलेजच्या मुलांमुळे कर्वेनगरात मालक तोंड वर करून बोलतात. तेच आता फ्लॅट रिकामा ठेवून बसलेत आणि दसऱ्याची वाट बघताहेत. घासाघीस करायची हीच वेळ. त्या कुटुंबाला पितृपक्षाचं वावडं नसेल तर घर आत्ता बघा, डिपॉझिट पाच-दहा हजारांनी खाली येतं. सामान हलवायची तारीख भाऊबीजेनंतरची ठेवा. दोन्ही मुलांच्या शाळांना सुट्टी असते, आणि बाईंचं डब्याचं गिऱ्हाईक अजून गावाहून परतलेलं नसतं. मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेआधी तीनेक महिने मिळतात. जानेवारीवर मात्र ढकलू नका, कुणी कितीही हात जोडले तरी. दहावीच्या मुलीच्या घरात जानेवारीत सामान बांधायला काढणं ही मदत नव्हे. मधल्या काळात दोन्ही घरं काही दिवस त्यांच्याकडे राहतील, त्या दिवसांचे पैसे तुम्ही घेऊ नका. पाच-सात हजारांचा प्रश्न आहे, पण त्यांना तो दिसतो.

मुलीची शाळा बदलायचीच नाही. तिचा बोर्डाचा फॉर्म तिच्या शाळेतूनच जातो. म्हणून घर शोधताना तिच्या शाळेपासून सायकलचं किंवा एका बसचं अंतर धरा. मुलाचं सोपं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा त्याला प्रवेश नाकारू शकत नाही. हे शाळेच्या खिडकीवर ठामपणे सांगणारा माणूस सोबत लागतो. तुम्ही जा. निवृत्त बँकवाल्याचं खिडकीवर ऐकतात.

बाईंचे डबे कोण विसरतं माहीत आहे? घर शोधून देणारे सगळे. धायरीला किंवा उत्तमनगरला तीन हजारांनी स्वस्त घर मिळेल, सगळे म्हणतील घ्या. पण डबे घेणारी माणसं कर्वेनगरात आहेत, आणि पस्तीस डब्यांमागे धावताना त्या तीन हजारांचं पेट्रोल होतं. एकदा बाईंनाच विचारा, डबे कुठे कुठे जातात. त्यांच्या नवऱ्याला तो नकाशा नीट माहीत नसणार. आजींसाठी तळमजला किंवा चालू लिफ्ट. बंद लिफ्टवाल्या चौथ्या मजल्याला 'लिफ्ट आहे' म्हणणारे मालक मी रोज पाहिलेत.

आडनावाबद्दल. फोनवर पहिला प्रश्न 'नोकरी काय' हा नसतो, 'कोण आहेत?' हा असतो, आणि तो काय विचारतोय हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं. एजंट इथे गप्प बसतात, कारण कमिशन दोन्हीकडून यायचं असतं. या एका ठिकाणी तुमच्याइतकं कोणीच उपयोगी पडू शकत नाही. मालक मालकाचं ऐकतो. स्वतः फोन करा, शक्य असेल तर घर बघायला सोबत जा, आणि एक चिठ्ठी द्या. लांबलचक नको. साधारण अशी :

'श्री. ... यांचे कुटुंब माझ्या कर्वेनगर येथील सदनिकेत राहत आहे. महिन्याचे पैसे वेळेवर दिले. घर स्वच्छ ठेवले. सोसायटीत कोणाशी तक्रार नाही. सदनिका माझ्या मुलीला राहण्यासाठी हवी असल्याने त्यांना जागा सोडावी लागत आहे. काही विचारायचे असल्यास मला फोन करावा.' खाली सही, पूर्ण नाव, नंबर.

खोटं एक अक्षर लिहू नका. नव्या मालकाने केसबद्दल विचारलंच तर खरं सांगा, 'मुदतीवरून वाद झाला, तो मिटला, पैसे थकले नव्हते.' खरं सांगणाऱ्या जुन्या मालकावर नवा मालक विश्वास ठेवतो. नुसती स्तुती केलीत तर त्याला वाटेल, हा ब्याद माझ्या गळ्यात मारतोय.

काय करू नका तेही सांगते. घर तुम्हीच पसंत करून 'हे घ्याच' म्हणू नका. दाखवा आणि बाजूला व्हा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आमच्या भाडेकरूंसाठी घर हवे' असं टाकू नका, त्या माणसाला रोज त्या जिन्यावरून चढायचंय. उसने पैसे देऊ नका. द्यायचेच असतील तर टेम्पोचे भाडे द्या आणि विसरा. उसन्यांचा तगादा तुम्हाला लावता येणार नाही आणि त्यांना विसरता येणार नाही.

जाण्यापूर्वी कागदांसाठी एक संध्याकाळ ठेवा. नवा करार नोंदवलेला हवा. कायद्याने ती जबाबदारी नव्या मालकाची आहे आणि टाळली तर दंड किंवा कैदही त्यालाच. तरीही भाडेकरूनेच आग्रह धरावा, कारण आधारवरचा पत्ता बदलायला तोच कागद चालतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८. रेशनसाठी घाई नाही, त्याच कार्डावर नव्या भागातल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. पोस्टमनला सांगून ठेवा, आणि वर्षभर त्यांचं टपाल तुमच्या मुलीला घरात जपून ठेवायला सांगा. आजींच्या पॉलिसीचं पत्र हमखास तुमच्याच दारात येणार.

प्रश्न : नारायण पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. तीन भाडेकरू. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे, बिल्डर तयार आहे. दोघांशी बोलणी झाली. तिसऱ्या आजी, वय शहात्तर, विधवा सुनेबरोबर दोन खोल्यांत राहतात, भाडं महिना नव्वद रुपये. त्या म्हणतात, 'मला इथेच मरू दे.' भाऊ म्हणतो, भिंत पडली की आपोआप सुटतील. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.
— नारायण पेठ, पुणे

उत्तर : भावाला आधी हे वाचून दाखवा. भिंत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे : इमारत गेली तरी जमिनीवरची भाडेदारी संपत नाही. तेव्हा वाट बघण्यात फायदा शून्य, आणि भिंत आजींच्या अंगावर पडली तर पोलीस तुमच्या दारात.

मी शनिवार पेठेतल्या वाड्यात भाडेकरूंच्या घरी वाढले. तीन पायऱ्या, एक न्हाणीघर, नळावर भांडणं. 'इथेच मरू दे' म्हणणारी बाई खोल्यांना चिकटलेली नसते. खालचा दूधवाला, उधारी लिहिणारा वाणी, न विचारता औषध देणारा डॉक्टर आणि संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या दोघीतिघी, हे सगळं तिला उचलून नेता येत नाही म्हणून ती तसं म्हणते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी आलं आणि पेठांमधली कितीतरी घरं गोखलेनगरला गेली. तेव्हा ते गावाबाहेर होतं. त्या बायकांचं मंडईत येणं सुटलं नाही, असं आमची आई सांगायची. तर बिल्डर जेव्हा म्हणेल, 'आजींसाठी आंबेगावला मस्त टू बीएचके बघितलाय, लिफ्ट, गार्डन, सगळं,' तेव्हा नको म्हणा. तात्पुरतं घर पेठेतच हवं, एक खोली कमी असली तरी चालेल, तळमजला हवा. त्यासाठी बिल्डरचे दरमहा चार हजार जास्त गेले तर जाऊ देत, त्याचं त्यातून काही बुडत नाही.

कागद असे हवेत. भिंतींना हात लावण्याआधी आजींच्या खोल्या मोजा, फोटो काढा, नकाशावर तिघांच्या सह्या : तुम्ही, आजी, बिल्डर. मग नोंदणीकृत करार : नव्या इमारतीत किती चौरस फूट, कोणता मजला, किती मुदतीत. मधल्या काळाचं भाडं आजींच्या खात्यावर निदान वर्षभराचं आगाऊ, पुढचं संपायच्या आत. मी पाहिलेल्या बहुतेक रडकथा या एका ओळीवरून झाल्यात. बिल्डर पहिले सहा महिने देतो, मग फोन उचलत नाही, आणि म्हातारी माणसं दर महिन्याला मालकाच्या दारात उभी राहतात. सामान हलवण्याचा खर्च दोनदा लिहा, जाण्याचा आणि परत येण्याचा.

आजी म्हणाल्या, 'मला पैसेच द्या, मी मुलीकडे जाते,' तर तेही चालतं. भाडेदारी सोडण्याबद्दल पैसे घेणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा राहिलेला नाही. मात्र धनादेशाने, आणि आजींचा स्वतंत्र वकील समोर असताना. तुमचाच वकील दोघांचं बघतो म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

सून विसरू नका. भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला त्याच्या पश्चात हक्क मिळतो. करारात 'आजी आणि सोबत राहणारी सून' असं नावानिशी येऊ द्या. इमारत उभी राहायला वर्षं लागतात, आणि आजी शहात्तरच्या आहेत. भावाला हे आवडणार नाही. त्याला सांगा, आज एक नाव लिहिलंस तर उद्या कोर्टात दोन पिढ्या जाणार नाहीत.

प्रश्न : ताई, मी भाडेकरू आहे. निगडीला रूम सोडतेय, मालकांनी सांगितलं म्हणूनच. आता म्हणतात, रंगाचे आणि साफसफाईचे म्हणून पूर्ण डिपॉझिट, वीस हजार, कापणार. चावी दिली नाहीस तर कुलूप बदलतो असंही म्हणाले. नवीन ठिकाणी मला परवा पैसे भरायचेत.
— एक नोकरदार मुलगी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : कुलूप बदलता येत नाही. लाईट-पाणीही तोडता येत नाही, १९९९ च्या कायद्यात त्याला शिक्षा आहे. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. मालकांना हे एका मेसेजमध्ये, नीट, 'तुम्ही' म्हणून लिहा. रागावून लिहू नका, तो मेसेज उद्या कोणीतरी वाचणार आहे.

रंगाचं बघा, करारात काय लिहिलंय. 'सोडताना रंगाचे पैसे कापले जातील' असं असेल तर आकडा लिहिलाय का ते पाहा. काहीच नसेल तर रोजच्या राहण्याने भिंत मळते त्याचे पैसे भाडेकरूचे नसतात. तुम्ही खिळ्यांनी चाळण केली असेल तर ते वेगळं. एका खोलीच्या रंगाला वीस हजार लागत नाहीत. निगडीतल्याच रंगाऱ्याला बोलावून त्याच्या हातचा आकडा कागदावर घ्या आणि मालकांपुढे ठेवा. 'एवढे कापा, उरलेले आज द्या, मी चावी देते.' भिंतींचा व्हिडिओ आत्ता, उजेडात काढून ठेवा.

परवाच्या पैशांसाठी नव्या मालकांशी बोला. अर्धं आत्ता, अर्धं आठ दिवसांनी, असं करारात लिहून बरेच जण तयार होतात. आणि हे पत्र वाचणारे जे मालक आहेत त्यांनी पाकीट काढून बघावं, त्यात दुसऱ्याचं डिपॉझिट आहे का.